दुसऱ्याच्या कट्ट्यावरची शेवंती

चि. वैजिनाथ यास,
मुक्काम पोर्तुगाल (गावाचं नाव तुझ्या आईनं पाकिटावर घातलं आहे, माझ्या जिभेवर ते बसत नाही),

परळीहून आजी नीलम्माचा आशीर्वाद आणि शरणार्थ. इकडं सगळे बरे आहेत. माझा उजवा गुडघा दुखतो, डावा त्याची वाट बघतो. तू फोनमध्ये हनुवटीच्या वरच दिसतोस, तेव्हा खाली किती वाळलास ते खरं कळव. आता पत्र कशाला, म्हणशील. तर फोन तुझा बाप धरून बसतो आणि हे त्याच्यादेखत बोलण्यासारखं नाही. तुझी आई सुकन्या लिहिते आहे. मला अक्षर येत नसलं तरी मी दोनदा वाचून घेते, गाळलेलं दुसऱ्या वाचनात सापडतं.

झालं ते तुझ्यामुळं झालं. तूच सांगितलंस की तिकडं नोव्हेंबर लागला की लेकरं पिशव्या घेऊन देवाच्या नावानं दारोदार पाव मागतात, लोक चेस्टनट का काय ते भाजून खातात, आणि सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी धुऊन शेवंती वाहतं. तुझी घरमालकीण तर नवऱ्याचा दगड ब्रशानं घासते आणि घासता घासता त्याला बोलते म्हणे. (नवरा गेला तरी बाईची घासपूस सुटली नाही.) ते ऐकल्यापासून मला भाकरी गोड लागेना. आपल्यातही जाळत नाहीत, मातीच देतात, तुझ्या आज्जालाही दिली, पण आपल्या घरच्या बायका तिकडं जात नाहीत. चौदा वर्षं झाली, त्यांची जागा मी डोळ्यांनी बघितली नाही.

मी तुझ्या बापाला, राजेश्वरला म्हटलं, मला ने. लोक काय म्हणतील, म्हणाला. मी दोन दिवस जेवले नाही. (दुपारची केळी सोडून. ती तुझ्या आईला माहीत आहेत.) तिसऱ्या दिवशी रिक्षा आली. काथ्या, बादली, चुन्याचा डबा, शेवंती आणि चेस्टनट परळीत मिळत नाहीत म्हणून भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, असा संसार घेऊन मी गेले. तिथं नाव नाही, गाव नाही, समाधीच्या सगळ्या कट्ट्यांवर वीजकेंद्राच्या राखेची सारखीच धूळ. तुझ्या बापानं लांबूनच कडुलिंबाखालचा कट्टा दाखवला, अगदी दुकानातला डबा दाखवावा तसा, आणि रिक्षात जाऊन बसला.

मी कट्टा घासला, चुना लावला, फुलं वाहिली. शेंगा सोलून ठेवल्या, कारण शेवटच्या आठवड्यात त्यांनी शेंगा मागितल्या होत्या आणि मी खोकल्याचं कारण सांगून दिल्या नव्हत्या. मग बसले बोलत. बोलता बोलता जे सव्वीस वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं. आपल्या दुकानाच्या ताडपत्रीची दोरी मी सोडली होती. ओली लुगडी वाळत घालायला दोरी कमी पडली, म्हणून. त्याच रात्री आलेल्या पावसात सगळं पाणी शेजारच्या मन्मथप्पाच्या दुकानात गेलं आणि त्याच्या गुळाच्या सहा ढेपांचं सरबत झालं. तो म्हणाला, मुद्दाम सोडली. आज्जानं मठात उभं राहून शपथ घेतली की दोरी आपण आपल्या हातानं बांधली होती. त्यांनी खरंच बांधली होती. मी खांबामागं गप्प उभी होते. दोघं मरेपर्यंत बारा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि मी रोज दोघांच्या मधून पाणी आणत होते. (इथं तुझ्या आईनं लिहायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. लिही म्हटलं.)

हे सगळं सांगून मी हलकी होऊन घरी आले. तिसऱ्या दिवशी मन्मथप्पाची बायको चंद्रभागाबाई दारात उभी, हातात गुळाची ढेप. बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "आमच्या पोरानं बघितलं तुमाला. दोघांचं एवढं वैर, तरी तुमी आमच्या मालकाला फुलं वाहिली. माझ्यानं अजून जाणं झालं न्हाई." मी तिला चहा केला, तिच्याच गुळाचा. म्हणजे मी मन्मथप्पाचं तोंड धुतलं, त्याला शेंगा चारल्या, आणि कबुलीही त्याच्यापुढंच दिली. त्याला ती मिळायचीच होती म्हणा. पण ज्यांनी माझ्यापायी शपथ घेतली, त्यांच्या कानावर अजून काहीच नाही.

तुझ्या बापाला विचारलं, तर तो पंख्याकडं बघत म्हणाला, "तवा एकच लिंब होता, आता तीन हायेत." त्याला जागा आठवत नाही. ते कबूल करायची त्याला लाज वाटते, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. तूही त्याला बोलू नकोस.

तुला खूप खूप आशीर्वाद. थंडीत कान बांधत जा.

तुझी आजी नीलम्मा (अंगठा खाली आहे, शाई नव्हती म्हणून कुंकवाचा)

ता. क. चंद्रभागाबाईला खरं सांगायचं नाही, असं ठरवलं आहे. पुढच्या वेळी ती माझ्याबरोबर येणार आहे.

ता. क. दुसरा, आणि पत्र खरं यासाठीच. माती देऊन आलात त्या दिवशी तू अकरा वर्षांचा होतास. गुडघे चिखलानं भरलेले, आणि तू पळत येऊन म्हणालास, "आज्जी, आज्जाला कुठं ठेवलं सांगू?" मी म्हटलं, आधी आंघोळ कर. नंतर तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आता सांग. लिहू नकोस, चित्र काढून पाठव, झाड झाडासारखं असलं की मला वाचता येतं. आणि शेजारी कोणत्या बाजूला जागा रिकामी आहे तेही दाखव. डावीकडची असली तर बरं. त्यांच्या उजव्या कानाला ऐकू येत नव्हतं.