फोनोच्या डब्याचा निकाल

प्रिय दिगू,

आज दुपारी तुझ्या फोनोच्या डब्याचा निकाल लागला, आणि तो तुझ्याविरुद्ध लागला. तुला ते कळवायची दुसऱ्या कुणाची हिंमत होणार नाही, म्हणून मीच लिहितो आहे. शिवाय घरात बसवत नाही. पुस्तक उघडतो, मिटतो, गॅलरीत जातो, समोरच्या पॉवरलूमची खडखड ऐकतो आणि तिच्यातही डावं-उजवं शोधत राहतो. ही खोड कुणाची, ते वेगळं सांगायला नको.

सुमनवहिनी परवा धुळ्याला निघणार. त्यांच्या भावाने वरची खोली रिकामी करून ठेवली आहे. सामान बांधता बांधता म्हणाल्या, "भाऊजी, बाकीचं मी बघते. त्या डब्याचं तेवढं तुम्ही बघा. रेकॉर्ड लावली की गाणाऱ्या बाईंचा आवाज एका बाजूला ओढल्यासारखा येतो. धुळ्याला कोण नीट करून देणार मला?"

ओढल्यासारखा येणारच. तुझी पद्धतच तशी ना? सुईवरचा चिमुकला आवाज अ‍ॅम्प्लिफायरच्या कानी पडेल इतका मोठा करायचा, एवढंच त्या डब्याचं काम. पण तुला तो कधी पुरा झालेला वाटलाच नाही. आठवडाभर सचिन गावच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी या डब्यातले कंडेन्सर उपटून दुसरे बसवायचे. तेही फक्त एका बाजूचे. मग मोनोच्या काळातली बाईंची रेकॉर्ड लावायची, म्हणजे दोन्ही स्पीकरांत तोच आवाज. मला खुर्चीत बसवायचं आणि बॅलन्सचं बटण इकडून तिकडे फिरवायचं. कुठली बाजू बदलली ते सांगायचं नाही.

"काय म्हनस, शास्त्री?"

मी सांगेन ती बाजू राहणार, दुसरी तिच्यासारखी होणार. माझ्या तोंडून जुनी बाजू निघाली की तू लगेच सोल्डरिंगची सळई तापवायला घ्यायचास. वहिनी म्हणायच्या, "आज कुणी चहा मागू नका, ह्यांचा निकाल लागलाय."

मीच का, असं एकदा विचारलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तर तू म्हणालास, "म्हणूनच. ज्याला सर्किट वाचता येतं, त्याचा कान खोटं बोलतो." हे कौतुक होतं की अपमान, ते विचारायचं राहून गेलं.

वरच्या वर्गाला तर्कशास्त्रातला संशय म्हणजे काय ते शिकवताना मी फळ्यावर एक ठोकळा काढतो. अंधारात उभा आहे तो खांब की माणूस? मुलं हसतात आणि म्हणतात, सर, जवळ जाऊन बघा ना. बरोबरच आहे त्यांचं. पण तू मला जवळ कुठे जाऊ द्यायचास? बटणापाशी पहारा देत उभा असायचास.

शेवटचे ते जाड पिवळे कंडेन्सर तू मुंबईहून मागवले होतेस. एका बाजूला बसवलेस, काढलेले जुने कागदात गुंडाळून डब्यातच ठेवलेस, मला "रविवारी ये" म्हणालास आणि शुक्रवारी कामावरच छाती धरून खाली बसलास. इतकी कसली घाई होती रे? निदान निकाल तरी ऐकून जायचास.

त्यानंतर मी त्या डब्याला हात लावला नाही. झाकण उघडलं की कळणार होतं. आणि एकदा कळलं की तू मला विचारलेला शेवटचा प्रश्नही संपणार होता.

आज मात्र उधन्याचे जयंतीभाई रेडिओवाले आले. मला पाठ करून बसायला लावलं, झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा बंद केलं.

"आमां शुं विचारवानुं, मास्तर? नवुं ए नवुं." नवं ते नवंच, यात विचार कसला करायचा, असं त्यांचं म्हणणं.

"जयंतीभाई, तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना ऐकू द्या." आणि पदर खोचून त्या तुझ्या जागी उभ्या राहिल्या. "कसं फिरवायचे ते? हळू की झटकन?"

"झटकन."

त्यांनी फिरवलं. डावीकडे बाईंचा आवाज इतका स्वच्छ, की त्यांनी श्वास कुठे घेतला ते कळत होतं; तंबोऱ्याची तार न् तार वेगळी. उजवीकडे सगळं किंचित धूसर. पण उजवीकडे बाई आपल्या खोलीत, सतरंजीवर बसलेल्या होत्या. डावीकडे त्या काचेपलीकडे होत्या.

तुझी बाजू कुठली, ते मला तेव्हाच कळलं. इतका निर्मळपणा तुझ्याच हातचा. एक शब्द उच्चारायचा अवकाश होता. 'डावा' म्हटलं असतं, तर तुझं शेवटचं काम डब्यात राहिलं असतं आणि वहिनींबरोबर धुळ्याला गेलं असतं. कुणाचं काय बिघडणार होतं?

माझी चुळबुळ पाहून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते गेले म्हणून मार्क वाढवायचे नाहीत हं."

मी म्हटलं, "उजवा."

"जूनुं?" जयंतीभाईंनी वहिनींकडे पाहिलं. "दिगुभाईनुं काढी नाखुं?"

वहिनींनी बॅलन्सचं बटण मधोमध आणलं. मग म्हणाल्या, "काढा. त्यांनी स्वतः काढलंच असतं. तोंड पाडून, पण काढलं असतं."

कागदातले जुने कंडेन्सर परत बसले. रेकॉर्ड पुन्हा लागली आणि आवाज बरोबर मधोमध आला. मी उठलो, वहिनींना माझ्या खुर्चीत बसवलं. त्यांनी पुरी बाजू ऐकली. सुई उचलल्यावर म्हणाल्या, "स्वयंपाकघरात मला इतकी वर्षं एकच स्पीकर ऐकू यायचा."

आपण दोघांनी त्यांना त्या खुर्चीत कधी बसवलंच नव्हतं, दिगू.

तेव्हापासून चैन नाही. उजवा चांगला होता म्हणून मी निवडला, की त्याची सवय होती म्हणून? तू असतास तर म्हणाला असतास, तुझा कान जुनाट आहे, त्याला गंज चढलाय. मी आवाज मोजायच्या तुझ्या मीटरला हसलो असतो. आता वादी मी आणि प्रतिवादीही मीच, आणि तुझी बाजू मांडताना मी फारच कच्चा पडतो.

एक वचन देतो. दिवाळीनंतर धुळ्याला जाईन, त्या नव्या खोलीत वहिनींच्या शेजारी बसून रेकॉर्ड ऐकेन, आणि त्यांनी विचारलं तर जे ऐकू येईल तेच सांगेन. तुझे पिवळे पुन्हा बसवावेसे वाटले, तर तसं. नाही वाटले, तर तसं. तुझ्यावर दया मात्र करणार नाही. जिवंतपणी तू ती कधी मागितली नाहीस.

तुझाच,
शास्त्री