मावशीच्या हातची क्रीम

४ जानेवारी
पोचले एकदाची! मावशी घ्यायला आली होती. बघताक्षणी म्हणाली, केवढी वाळलीस गं, आणि माझी जड बॅग हिसकावून तरातरा पुढे चालू लागली. मी मागे धापा टाकत.

खाली पार्लर, वर घर. पार्लर छोटंसं पण लख्ख: दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, काचेच्या कपाटात मावशीच्या हातच्या क्रीमच्या पांढऱ्या डब्या. मागच्या खोलीत ती क्रीम बनवते. त्या खोलीला कुलूप. कृती म्हणे आईलाही सांगितलेली नाही! पार्लरचा कोर्स संपल्यापासून घरी माशा मारत होते, आता हक्काचं काम आहे. मावसबहीण चिऊ, सात वर्षांची, पुढचे दोन दात गायब. आल्या आल्या माझ्या मांडीवर बसून तिने माझ्या पर्समधलं सगळं बाहेर काढलं.

निजताना मावशीने एक डबी हातात दिली. म्हणाली, हे तुझ्यासाठी, सकाळ-संध्याकाळ लाव. गालावरून हात फिरवला. आईने असा हात कधी फिरवल्याचं आठवत नाही. घरात मी 'कोळसा'. ते सगळे लाडानेच म्हणायचे, पण म्हणायचे.

२६ जानेवारी
क्रीमला वास नाही, चिकटपणा नाही, आणि गुण मात्र जादूचा! आरशात कुणी दुसरीच, उजळ मुलगी उभी आहे असं वाटतं. मावशीने फोटोग्राफर बोलावला. आल्या दिवशी मावशीने काढलेला माझा फोटो आणि आजचा, शेजारी शेजारी दाराच्या काचेवर लागले. बायका आत येतात, आधी मला निरखतात, मग डबी मागतात. फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन. रडत होती. पहिल्यांदाच म्हणाली, माझी देखणी लेक.

१९ फेब्रुवारी
तोंडाला सारखी गंजक्या खिळ्यासारखी चव. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. झोप नीट लागत नाही, त्यामुळे चिडचिड होते. आज चिऊवर उगाच खेकसले, ती हिरमुसली. मावशी म्हणते, हवापाणी बदललं की असं होतं.

६ मार्च
एका बाईच्या भुवया कोरताना हात थरथरला. ओरखडा उठला. मावशीने हसून वेळ मारून नेली, पण मला आता केस धुण्याचंच काम. बोटातली अंगठी पांढुरकी पडली आहे. आजीची, अस्सल सोन्याची. घासली तरी रंग परत येत नाही.

१५ मार्च
पाय सुजलेत, चप्पल चढत नाही. मावशीला न सांगता डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बोटं पसरायला लावली. ती माझी नव्हेतच अशी हलत होती. अंगठी पाहिली आणि विचारलं, चेहऱ्याला काय लावतेस? मी डबी दाखवली. त्यांनी ती टोपणासकट पिशवीत बांधली. म्हणाल्या, यात पारा असणार, सोनं पांढरं पडतं ते त्यानेच. तो कातडीतून आत जातो, मूत्रपिंडं पोखरतो. रक्त-लघवी तपासायला दिली. आजपासून बंद, म्हणाल्या.

वाटेत ठरवलं, मावशीला आधी सावध करायचं. बिचारीला माहीतच नसणार. कच्चा माल देणाऱ्याने फसवलं असेल.

१६ मार्च
कसं लिहू.

सांगायला खाली गेले. मागच्या खोलीचं दार चुकून उघडं राहिलं होतं. चिऊने तिथून डबी उचलली होती, नाकावर क्रीमचा ठिपका लावून आरशात वाकुल्या दाखवत होती. मावशी किंचाळत धावली. असं किंचाळणं मी कधी ऐकलं नव्हतं. तिला फरफटत नळाखाली नेलं, नाक लाल होईपर्यंत साबणाने घासलं. "कितीदा सांगितलंय, हात लावायचा नाही! तोंडात गेलं असतं म्हणजे?"

मग वळली. मी दारात उभी.

विचारलं, मग मला का दिलीस?

"ती लहान आहे गं," म्हणाली. "मोठ्या माणसाला काही होत नाही एवढ्याने."

तिच्या चेहऱ्याकडे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. सावळा, तुकतुकीत. या क्रीमचं बोट कधी लागलेलं नाही त्याला. तू का लावत नाहीस, विचारलं. ती चिऊचं नाक पुसत राहिली.

१९ मार्च
क्रीम बंद केल्यापासून चेहऱ्यावर काळे चट्टे. आग होते. दारावरचा माझा फोटो तसाच हसतोय. त्याच्याखाली बायका डब्या घेतायत. एकीला सांगायला गेले, घेऊ नका — मावशीने दंड धरून आत आणलं. म्हणाली, हिला ताप आहे, बरळतेय.

आईला फोन केला. ये, मला घेऊन जा. निघते म्हणाली.

२१ मार्च
उठवत नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता, तो मावशीने घेतला. काय म्हणाल्या सांगत नाही. फोनही परत दिला नाही.

आई येईल. आई आली की —

२२ मार्च
आली. आईचा आवाज ओळखला, पण जिना उतरवेना. कठड्याला धरून ऐकलं.

आई विचारत होती, क्रीम बंद कुणी करू दिली. मावशी म्हणाली, मी तुला तेव्हाच बोलले होते, असं काहीबाही होतं म्हणून. तूच म्हणालीस पाठवते.

आई म्हणाली — "थोडं सोसेल की. आयुष्यभर कोळसा राहण्यापेक्षा."

तिला माहीत होतं. आधीपासून. माझी आई

त्याच दिवशी, दुपारी
आई वर आली. कुशीत घेतलं. चट्टे पाहून रडली, सगळं वाया घालवलंस म्हणाली. डबी आणलीय. म्हणते डोळे मीट, माझ्या हाताने लावते, मग घरी जाऊ.

नको म्हटलं. ऐकत नाही. मी लिहितेय, ती उशाशी बसलीय, टोपण उघडतेय —

आई हातमोजे घालतेय