गव्हर्नरसाहेबांचा कोट

२ मे २००६
प्रीताच्या शाळेत जिवंत म्युझियम आहे. चौथीतली मुलं थोरामोठ्यांचे कपडे घालून पुतळ्यासारखी उभी राहणार. समोरच्या कागदी बटणावर बोट ठेवलं की पुतळा बोलणार! आमच्या नातीला मिळाले जॉन अँड्र्यू. आधी बोस्टनला वकील, मग इथल्या यादवी युद्धाची सगळी वर्षं याच राज्याचे गव्हर्नर. पळून आलेल्या गुलामांच्या बाजूनं उभे राहिले. काळ्या शिपायांची पलटण उभारली. वकील म्हटल्यावर मला एकदम जवळचे वाटले.

५ मे
सूनबाईनं, उत्तरानं, दुकानातून कोट आणला. खांद्यावरून नुसता लोंबतोय! म्हणते, "चालेल हो बाबा, एका दिवसापुरता." कसला चालतोय? अकोल्याच्या कोर्टासमोर एकतीस वर्षं वकिलांचे कोट शिवले मी. पण बोलायचं कसं? मुलाच्या, प्रल्हादच्या लग्नात मीच मुलीकडच्यांना सांगितलं — मी कोर्टात असतो. ते समजले कारकून. त्याला बारा वर्षं झाली. आता सुनेला कळलं तर प्रल्हादची मान खाली जाईल.

७ मे
राहवलं नाही. शेजारच्या सरलाताईंचं मशीन मागून आणलं.
उत्तरा म्हणाली, "बाबा, तुम्हाला शिवता येतं?"
"थोडंफार."
 कापडाला कात्री लावली अन् हात आपसूक चालू लागला.

११ मे
कोट झाला! काजं हातानं केली. वकील म्हणून गळ्याशी पांढरा बँडही लावला. प्रीता हसून लोळली — "आजोबा, दॅट्स अ बिब! फॉर बेबीज!" म्हणजे लाळेरं! इथल्या वकिलांना बँड नसतो म्हणे. उसवला. उत्तरा मात्र काजांवरून बोट फिरवत बसली. ओळखलं की काय हिनं? मला जेवण गेलं नाही.

१६ मे
गव्हर्नरसाहेब ताठ उभे. बटण मीच दाबलं. एकदाही अडखळली नाही पोर! खांद्यात एक सुरकुती नाही. ऊर भरून आला.
मग एका बाईंनी विचारलं, कोट कुठून घेतला? पुतळा टुणकन उडाला — "माय ग्रँडफादर मेड इट! ही इज अ टेलर! ही मेड कोट्स फॉर ऑल द लॉयर्स!"
 प्रल्हाद शेजारीच होता. त्याच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

१७ मे
प्रल्हादला विचारलं, पोरीला कुणी सांगितलं?
"मीच. उत्तराला तर लग्नाआधीच सांगितलं होतं, बाबा. तुम्हालाच ते लपवायचं होतं, म्हणून आम्ही सगळे गप्प."