पेटीत पांढरा नाही

१ डिसेंबर १९५९, मंगळवार. अमरावती.
नवी वही, नवा नत्थू. जबलपूरच्या कारखान्यातून पंधरा दिवसांची लीव्ह काढली. फोरमनला कारण सांगितलं, माझं लग्न. खोटं नाही. थोडं अगोदर सांगितलं एवढंच. पण माझ्या खात्यातल्या मंडळींनी पितळेचा हंडा भेट दिला आणि त्यावर नावं कोरून आणली: 'नत्थुजी व कौशल्या'. आता माघार नाही.
कौशल्या म्हणजे बार्शीटाकळीच्या खुशालरावांची मुलगी. मागच्या वर्षी खुशालराव म्हणाले, जबलपूर लय दूर हाये, तिथं पोरगी देनं म्हनजे पाकिटात घालून पोस्टात टाकनं. इकडं नोकरी पाहा, मंग बोलू.
तर इकडची नोकरी मी शोधली आहे. ड्रॉइंगचे देवराव मास्तर सहल काढून राहिले. गावोगाव उघड्यावर बसून वॉटरकलर शिकायचं, शेवटी अकोल्यात प्रदर्शन, आणि त्यातून एकाला मास्तर आपल्या अकोल्याच्या क्लासात असिस्टंट ठेवणार. एकाला म्हणजे मला. मी चौथी नापास आहे हे खरं. पण तीन वर्षं कारखान्याच्या लाकडी पेट्यांवर ब्रशनं पांढरे नंबर मारतो. ज्याच्या हातून आठाचा आकडा वाकडा येत नाही त्याला झाड काय अवघड?
संकल्प: पाचला उठणे. तंबाखू बंद. मास्तरांना उलट न बोलणे.

२ डिसेंबर.
साडेसातला उठलो. थंडी. मास्तरांना उलट बोललो नाही, कारण ते सगळ्यांना घेऊन निघून गेले होते.

३ डिसेंबर. नांदगाव पेठ.
कपाशीचं वावर. आम्ही सातजण ओळीनं बसलो. बाकीच्यांनी पाण्याला पेले आणले, मी हंडा. हसले. हसू द्या, माझं पाणी दिवसभर पुरलं.
रंगाची पेटी उघडली तर पांढरा नाही! वाटलं कोणी चोरला. मास्तर म्हणाले, वॉटरकलरमध्ये पांढरा नसतेच नत्थुजी, पांढरा कागदातच असते, तेवढी जागा सोडून द्यायची. असं कुठं असतं? कारखान्यात जागा सोडली तर फोरमन उभा जाळेल. मास्तर रंगात कंजुशी करून राहिले, दुसरं काय.
आणखी म्हणाले, ओला रंग गडद दिसते, वाळला की फिकट पडते, घाई करू नका. हे लिहून ठेवलं. कामाचं वाटलं.
मी कुठंच जागा सोडली नाही. कापूस वेचणारी एक बाई वाकून म्हणे, काय काढून राहिले भाऊ? म्हटलं कपाशी. तर म्हणे, मंग कापूस कोठी हाये? सांगितलं, तुम्ही वेचून नेला. ओळभर बाया हसल्या. मास्तर हसले नाहीत. शेजारी अकोल्याचे देवमन गुरुजी अर्धा कागद कोरा ठेवून बसले होते. मास्तर त्यांच्यामागे बराच वेळ उभे राहिले. गरिबाला धीर देत असावेत.

५ डिसेंबर. अंजनगाव सुर्जी.
पानमळे काढायचे होते. तंबाखू बंद आहे, पण पानमळ्यात येऊन पान न खाणं म्हणजे मालकाचा अपमान. दोन खाल्ली. तिसऱ्याला चुना लावताना डोक्यात उजेड पडला. पांढरा! डबीत, खिशात, तीन वर्षांपासून! थोडा डिंक घातला, झाला रंग. मास्तरांना सांगायचं नाही. शोध आपला, क्लास त्यांचा. सगळ्या आभाळात चुन्याचे ढग काढले.
पिवळा संपला. मळ्याशेजारच्या तुरीला फुलं फार. सहलीच्या स्वयंपाकाला चतुराबाई आहेत, त्यांच्याकडे हळद मागितली. म्हणे, भाजीले पायजे का जखमेले? घाईत म्हटलं, जखमेले. तर बाईनं माझं चांगलं बोट धरलं, हळद भरली आणि चिंधी बांधली. उजव्या हाताचंच. संध्याकाळपर्यंत सोडू देईना. उरलेली पुडी मात्र मिळाली.
हंड्यावरचं नाव वाचून म्हणे, हे कौशल्या कोन? म्हटलं, नात्यातली. म्हणे, कोनतं नातं? म्हटलं, सुरू व्हायचं आहे.

६ डिसेंबर.
सकाळी पाहतो तर काल काढलेलं निळं आभाळ ढगांभोवती तांबूस झालेलं. कागद हलका असणार. चित्राचं नाव 'सकाळ' होतं, ते खोडून 'सायंकाळ' केलं. मास्तर म्हणाले, सावल्या मात्र सकाळच्या दिसून राहिल्या. उलट बोललो नाही.

८ डिसेंबर. बार्शीटाकळी.
मोठा दिवस. प्रदर्शनासाठी प्रत्येकानं गावातला एक माणूस काढायचा. बाकीचे बाजारात पांगले. मी सरळ खुशालरावांच्या दारात. पांढरं धोतर, पांढरा फेटा, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून तीन तास असे बसले की माशी बसली तरी हलले नाहीत. एकच अट, रंग उजळ ठेवजा. उजळ म्हणजे हळद. चेहरा, हात, पाय सोन्यासारखे उठले. आठाच्या आकड्याचा हात, चूक निघत नाही.
कौशल्या पाण्याच्या निमित्तानं आली आणि हंड्यापाशी थांबली. नाव वाचलं. मी ब्रश तोंडात धरून बसलो. म्हणे, माह्या नावाच्या हंड्यात हे गढूळ पानी काहून? उत्तर होतं, पण ब्रश तोंडात होता.
खुशालराव चित्र पाहून खूश. म्हणाले, मास्तरनं ठेवलं तर माघात बोलू. प्रदर्शन पाहाले सगळे येतो. मनातल्या मनात त्यांना सासरेबुवा म्हणून पाहिलं. जमतं.

९ डिसेंबर, सकाळ.
शेवटचा हात. धोतर, फेटा, मिशा चुन्यानं लख्ख केल्या. अंग आणखी उजळ व्हावं म्हणून चुन्याचं पाणी तिथंही फिरवलं. लाल दिसून राहिलं. ओलं आहे म्हणून. मास्तरांचंच वाक्य.

दुपारी तीन.
लालच आहे. हात लावून पाहिला, कोरडं लागलं. आतून ओलं असेल.

१० डिसेंबर.
उन्हात ठेवलं. जास्त लाल. घाई करायची नाही.

१३ डिसेंबर, रविवार. अकोला.
चित्र फ्रेममध्ये लागलं. सकाळी दहाला पार्बताबाई नावाची एक म्हातारी आली, माझ्या चित्रासमोर थबकली, चपला काढल्या, झेंडूचं फूल वाहिलं. मला वाटलं कलेची कदर. मग दुसरी आली. तिनं नारळ आणला. बाराला रांग लागली. कोणी म्हणालं, शेंदरी मारुती बसला हाये, हात गुडघ्यावर, साक्षात.
त्याच रांगेत खुशालराव. त्याच धोतरात, त्याच फेट्यात, मागे बायको आणि कौशल्या. पुढच्याला विचारत होते, कोनतं देवस्थान हाये हे? नंबर लागला. पाहिलं. स्वतःला ओळखलं. मागचा माणूस म्हणाला, बाबा, दर्शन झालं असन तर बाजूले सरा ना, बाकीच्याईले पाहू द्या.
कौशल्या हसता हसता खालीच बसली.
चतुराबाईनं माझी चुन्याची डबी हुंगली आणि कपाळावर हात मारला. म्हणे, बावा, हळदीत चुना घातला की कुंकू होते! पाच वर्साच्या पोरीले ठावं असते!
मला कोणी सांगितलं नव्हतं.
नोकरी देवमन गुरुजींना. त्यांनी कापूस वेचणारी बाई काढली होती, कापूस नुसता कागद सोडून. खरं लिहितो, त्यातला कापूस हातात घ्यावासा वाटत होता.
खुशालराव म्हणाले, मानसाले देव केलं, देवाचा जावाई कोन व्हईन? बोलले ते शेवटचं. चित्र पार्बताबाई घेऊन गेली, लिंबाखाली ठेवणार आहे.
हंडाही गेला. चतुराबाई निरोप घेऊन आल्या, कौशल्या म्हनते हंडा राहू द्या, घासून ठेवतो. बापाच्या अब्रूची भरपाई असणार. घरातली सगळीच कडक माणसं.

१६ डिसेंबर. जबलपूर.
फोरमननं विचारलं, बीवी कहाँ है? हंडा कहाँ है? म्हटलं, दोन्ही बार्शीटाकळीला.
चाळीस पेट्या दिल्या. पहिली पुसून समोर ठेवली आणि बराच वेळ पाहत बसलो. लाकूड चांगलं होतं. नंबर मारायचं मन होईना. तशीच कोरी सोडली, पुढचीही सोडली. देवराव मास्तर मागे उभे राहिले असते.
मागे फोरमन उभा होता. नंबर किधर है? म्हटलं, साहेब, नंबर लाकडातच असतो.
उद्यापासून ओव्हरटाइम. पांढऱ्याचा अख्खा डबा समोर ठेवला आहे.