परमेश्वरचा आवाज बारीक करायचा बेत

३ फेब्रुवारी, सोमवार
परमेश्वरनं त्याच्या पिक्चरमधून माझा इन्स्पेक्टर कापला. डायरेक्टर तोच, हीरो तोच. तिन्ही सीन. विचारलं तर म्हणाला, गोरख, तुझा आवाज चिरका येतो. कुंभार पिंपळगावात व्हिडिओचं दुकान माझं, एडिटिंग माझं, आणि आवाज चिरका. ठीक आहे. बदला घेणार. थंड डोक्यानं.

५ फेब्रुवारी
शूटिंग सेकंदाला चोवीस फ्रेमचं. जालन्याच्या केबलवाल्याला पंचवीस पाहिजेत. म्हणजे पिक्चर जरा जल्दी पळणार, आवाज बारीक होणार. तो परत बराबर करायचं काम माझं. करणार न्हाई. हीरो शेळीसारखा बोलंल.

६ फेब्रुवारी, दुपारी २
करून बघितलं. फरक चार टक्के. बिलकुल कळत न्हाई. मंग सगळ्याच साउंडचा पिच आणखी वर ओढला. तपासायला फक्त परमेश्वरचे सीन ऐकले. बाकीच्यांशी माझं वैर न्हाई.

८ फेब्रुवारी
बायको सत्यशीला खुश. हिरॉईनचं डबिंग तिचं. तिनं माहेरी केदारखेड्याला फोन केले, उद्या केबलवर पिक्चर आहे, टीव्ही लावा म्हणून. चांगलंय. जेवढे जास्त लोक, तेवढी त्याची जास्त फजिती.

९ फेब्रुवारी, रविवार
अकरा वाजता परमेश्वरच्या घरी सगळी गल्ली जमली. त्याचा आवाज मुळात ढोलासारखा. वर ओढल्यावर माणसासारखा झाला. त्याची आई साखराबाई म्हणाली, पोराचं बोलणं आज पहिल्यांदा समजून राह्यलं.
मंग हिरॉईन बोलली. खारीसारखी. रडायचा सीन होता. लोक हसले. सत्यशीला उठून गेली.
हे मला आधी सुचलं नव्हतं असं न्हाई. कामाचा लोड होता.

१० फेब्रुवारी
सकाळी तिनं विचारलं, हे कोणी केलं. मी म्हणालो, परमेश्वरनं सांगितलं तसंच केलंय. ती सरळ त्याच्याकडंच गेली. तो माझ्यावर ढकलणार, हे नक्की. तो कसा पहिल्यापासून खोटारडा आहे, याचे चार मुद्दे कागदावर लिहून तयार बसलो.
ती तासाभरानं आली. तो तिला म्हणाला होता, “चूक माझीच असंल, वहिनी. गोरखला काही बोलू नका. त्यानं लई मेहनत घेतली.”
मुद्दे वाचायची वेळ आली न्हाई.
तिनं त्याला माफ केलंय. उद्या जेवायला बोलावलंय. मटण आणायला मलाच जायचंय.