बहराच्या आठवड्याची रजा

३ मार्च
ठरलं. यंदा बायकोला चेरीचा बहर दाखवायचाच. लग्न झाल्यापासून ती विचारतेय आणि मी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतोय. काल म्हणाली, यंदा नाही नेलंस तर पुन्हा विचारणार नाही. हसत नव्हती.
पण चष्म्याच्या काचांच्या आमच्या कारखान्यात रजा मंजूर करतो कोण? मी! अर्धी ट्रिप झालीच म्हणायची.

७ मार्च
सगळ्यांनाच बहराची रजा हवी. डोकं चालवलं. एप्रिलचा पहिला आठवडा उदार मनाने सगळ्यांना वाटून टाकला. तेव्हा झाडांवर नुसत्या काड्या असणार. खरा बहर महिनाअखेरीस. तो आपला. काचांना पॉलिश करणारा आमचा पॉलिशवाला पाया पडायचाच बाकी होता. जरा लाज वाटली.

१६ मार्च
बायको म्हणते, हवामानवाले लवकर फुलणार सांगतायत. त्यांना काय कळतंय! हॉटेल बुक केलं. कॅन्सल होत नाही, म्हणून स्वस्त.

२९ मार्च
काय हे ऊन! टिकणार नाही. आईने पंखा लावला. तिला सगळ्याचीच घाई.

२ एप्रिल, दुपारी
फुललं. मेलं सगळं फुललं! सगळे रजेवर, मशीनवर मी. एकेकाला फोन केला, अर्जंट आहे, परत या. पॉलिशवाला म्हणाला, साहेब, तुमच्यामुळे माझ्या म्हातारीला बहर बघायला मिळाला. म्हातारीने फोनवरच आशीर्वाद दिला. मी थँक्यू म्हणालो.

३ एप्रिल
मालकांपुढे हात जोडले. दोनच दिवस सोडा म्हटलं. ते म्हणाले, जा, पण मग येऊ नका.
बायकोला म्हणालो, थांब ना, फुलं काय पळून जातायत? पाकळ्या गळायला लागल्यात म्हणाली.

४ एप्रिल
बायको गेली. माझ्या आईला घेऊन! दोघींचं चहाच्या गाळणीवरूनसुद्धा जमत नाही. संध्याकाळपर्यंत भांडून परततील.

५ एप्रिल
परतल्या नाहीत.

८ एप्रिल
आल्या. एकमेकींना टाळ्या देत हसतायत. पुढच्या वर्षीचंही ठरलंय म्हणे, दोघींचंच. मी म्हणालो, अगं, महिनाअखेरीचं हॉटेल आहे आपलं. ती म्हणाली, तू जाऊन ये. चिडली असती तरी चाललं असतं.

२७ एप्रिल
हॉटेल. एकटाच. खिडकीबाहेर हिरवीगार पानं. मॅनेजरने विचारलं, एवढ्या उशिरा? मला गर्दी आवडत नाही म्हणालो. मग खोलीत बसून रडलो.
बायकोला फोन केला. इथे किती शांत आहे म्हटलं. ती म्हणाली, मग राहा की अजून दोन दिवस.