मामुलाला हात कोणी लावला

आई, तुला कधी कुणाचं पत्र आलेलं मला आठवत नाही. आलं असतं तर तू पाकीट आधी उजेडाला धरलं असतंस, डिंक बोटानं चाचपला असतास आणि पोस्टमनलाच विचारलं असतंस, "उघडून वाचलंस का रं?" तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज मला आता नीट आठवत नाही. तुझा एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. हात कोणी लावला? गेला महिनाभर मी स्वतःच तो घेऊन कारखान्यात हिंडले.

मी काय काम करते ते तुला कधी धड सांगता आलं नाही. आता सांगते. लातूरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे, तिथं कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं धातू कापून पंपाचे भाग बनवतात. मशीननं काय करायचं ते मी सॉफ्टवेअरमध्ये लिहून देते. त्यात दोन आकडे जिवाचे. कटर किती वेगानं फिरायचा तो स्पीड, आणि फिरता फिरता धातूत किती भरभर पुढं सरकायचा तो फीड. जास्त झाले की कटर मोडतो, कमी झाले की काम रेंगाळतं. दर वेळी नव्यानं कोण डोकं लावणार, म्हणून प्रत्येक कटरचे आकडे आधीच भरून ठेवलेले असतात. कटर निवडला की ते आपोआप येऊन बसतात. त्याला आम्ही डिफॉल्ट म्हणतो, तुझ्या भाषेत मामूल. तुझ्या खानावळीत नवा माणूस आला की तू विचारायचीस, "मामूल किती?" तो चार पोळ्या म्हणाला की चार. पाचवी मागितली की तुझ्या कपाळाला आठी.

लातूर जिल्हा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. उस्मानाबादहून बदलून आलेले कारकून, शिपाई बायका-पोरं तिकडंच ठेवून एकटे राहायचे. कचेऱ्या भाड्याच्या जागेत आणि साहेबलोक आपल्या दोन खोल्यांत पाट मांडून जेवायला. पाऊस नव्हता. टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, भांडी राखेनं घासून नुसती फडक्यानं पुसायची. तुझ्या मदतीला देगलूरकडची एक बाई होती, मराठीत तेलुगू कालवून बोलायची, तिला सगळे अक्का म्हणत. तुझा तिच्यावर भरवसा नव्हता. कुणावरच नव्हता म्हणा. डबा बंद करायच्या आधी तू पीठ सपाट करून त्यावर पंजा उमटवायचीस. पंजा मोडलेला दिसला की चोरी झाली. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात तुराटी बुडवून कोळशानं खूण करायचीस. मी शेजारी उभी राहून बघायची आणि मला वाटायचं, सगळ्याच आया असं करतात.

त्या उन्हाळ्यात तेल खुणेच्या खाली जायला लागलं. पंगत बसलेली असताना तू विचारलंस, "हात कोणी लावला?" अक्का पोळी लाटता लाटता म्हणाली, "वैनी, मी काय तेलानं अंघोळ करून राहिले का?" कारकून हसले. तू हसली नाहीस. खुंटीवरची तिची पिशवी काढलीस आणि सगळ्यांसमोर उलटी केलीस. आतून भाकरीचा तुकडा आणि तंबाखूची पुडी पडली. अक्कानं दोन्ही उचलून पिशवीत घातलं, हात पदराला पुसले आणि गेली. पुढं कधीतरी तू डबा हलवलास तर बुडाच्या जोडाला बारीक चीर, आणि खाली मुंग्यांची रांग. तू साबणाचा तुकडा मळून चीर बुजवलीस. मी म्हणाले, "आई, अक्काला बोलवायचं का?" तर म्हणालीस, "भोक सापडलं म्हणून ती साव झाली का? जा, भांडी पूस." मला तुझा राग आला होता आई. अजून येतो.

विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा सगळ्यांच्या आयांनी लाडू दिले, तू कुलूप दिलंस. ट्रंकेला लावून दहादा ओढून बघितलंस. "दुकानदाराचा काय भरवसा," म्हणालीस, "नांदेडात तर कुणाचाच न्हाई." मैत्रिणी हसायच्या. मीही हसायची, पण कुलूप रोज लावायची.

आता ह्या महिन्याचं ऐक. कारखान्यात एक नवं मशीन आलं. मी जुन्या कटरांची यादी उचलून नव्या मशीनसाठी तशीच कॉपी केली आणि कामाला लागले. तर माल कमी निघायला लागला. बघते तर प्रोग्रॅममध्ये फीड-स्पीड दोन्ही उतरलेले. मी भरले होते त्याहून पार खाली. मालकांनी विचारलं, हे कोण करतंय? मला लगेच एकच माणूस दिसला. नव्या मशीनवर जे ऑपरेटर आहेत ते मुदखेडचे, माझ्याहून वयानं मोठे, सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो. त्यांचं पालुपद ठरलेलं, "ताई, आकडे लई तेज हायत, जरा उतरवा की." मी जेवायला गेले की माझा कॉम्प्युटर उघडाच असतो. दुसरं कोण असणार?

मी सापळा लावला. यादीत एका कटरचा फीड नऊशे होता, तिथं नऊशे तीन लिहिलं. असा आकडा कुणी भरत नाही, हात लागला तर कळणारच. दोन दिवसांनी नवा प्रोग्रॅम केला तर फीड आला पाचशे. यादी उघडली तर तिथं नऊशे तीन जसेच्या तसे. कुणी शहाणं असतं तर थबकलं असतं. मी काय म्हणाले? बघा, किती पोचलेला माणूस, खूण ओळखून परत जागेवर ठेवली.

मामांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "म्या हात लावला न्हाई, ताई. लावला असता तर हाव म्हणलो असतो."

"मग कोणी लावला?"

"लावलेला हात दाखवता येतो. न लावलेला कसा दाखवू?"

मला ते उत्तर चलाखीचं वाटलं. शनिवारी मी मालकांना नाव सांगितलं. मालकांनी मामांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. मामांनी नळावर हात धुतले, डबा घेतला आणि माझ्याकडं न बघता गेले.

रविवारी मी एकटीच कारखान्यात गेले, पुरावा गोळा करायला. मामांनी ते कसं केलं ते मला शोधायचं होतं. करून बघावं म्हणून एक कटर नव्यानं कॉपी केला, त्याच्यावर प्रोग्रॅम केला, तर पाचशे. मामा घरी, मशीन बंद, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाचशे. मग खोदत बसले तेव्हा कळलं. प्रत्येक कटरच्या पोटात आकड्यांचे दोन संच होते. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या साली कारखान्यातही पाणी नव्हतं. कटर थंड ठेवायला त्याच्यावर पाणी सोडावं लागतं, ते पुरेना, म्हणून मालक, मामा आणि मी बसून हळू चालवायचे आकडे ठरवले होते. त्या संचाला नाव दिलं 'दुष्काळ'. रोजच्या आकड्यांना 'नेहमीचे'. पाऊस पडल्यावर मी 'नेहमीचे'वर टिक करून ठेवली आणि दुसरा संच विसरून गेले. कॉपी करताना ती टिक पुसली जाते. टिक नसली की सॉफ्टवेअर पहिलं नाव उचलतं, आणि नावं मुळाक्षरांप्रमाणे लागतात. द आधी, न नंतर. मी सापळा लावला तो 'नेहमीचे'मध्ये, तिकडं कुणी फिरकलंच नव्हतं. कुणाचाही हात नव्हता, आई. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता.

कळलं तेव्हा मला आधी काय वाटलं सांगू? वाईट नाही वाटलं. वाटलं, हे अजून कुणाला माहीत नाही. टिक मारायची, आकडे जागेवर येतील, मालक म्हणतील, बघा, मामा गेले आणि काम सुधारलं. साबणाचा तुकडा माझ्याही हाताशी होता. टिकेपर्यंत माउस नेला, परत मागं घेतला. मग मालकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो मॅडम, मामांचं नाव तुम्हीच दिलं होतं." म्हटलं, हो, मीच. आता मीच परत घेते.

तशीच मामांच्या घरी गेले. मामी दारातच म्हणाल्या, "आता काय राहिलंय?" तरी पाणी दिलं. मामा बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं, दुष्काळाचं, मुळाक्षरांचं, आणि चुकले म्हणाले.  मामा म्हणाले, "येतो उद्या. पण ताई, त्या यादीचा पासवर्ड आता मलाबी द्या. म्हणजे पुढं काय झालं तर नाव दोघांचं निघंल." मी तिथंच सांगितला. त्यांनी मोबाइलमध्ये एकेक अक्षर विचारून लिहून घेतला. मामींनी चहा टाकला. मला फार बरं वाटलं, खोटं नाही सांगत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. त्यांच्या घरून निघाले ती घरी आले नाही, आधी कारखान्यात गेले. सगळ्या यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून घेतली. ती कपाटात साड्यांच्या खाली आहे, मामांना माहीत नाही. काल कारखान्यातल्या यादीशी ताडून बघितलं, एकही आकडा हललेला नव्हता. आज परत बघणार आहे.